सतरा नंबरची भेग

बुधवार, २९ ऑक्टोबर

आईने सांगितलं म्हणून लिहितोय. फोनवर म्हणाली, "राग आला की माणसावर नको काढूस, वहीवर काढ." वही ऑफिसची आहे. पुढे कुणीतरी सिमेंटच्या गोण्या मोजल्यात, मागची पानं कोरी आहेत.

आज कुणाचा राग आलेला नाही. नवीन काम कळलं तेवढं लिहून ठेवतो. मस्कतजवळ अमरातच्या पुढे डोंगरात एक बोगदा आहे. नऊशे मीटर, दोन लेन. पलीकडे तीन गावं, आणि त्यांना बाहेर यायला सरळ रस्ता हा एकच. भूकंप झाला तर हा बोगदा किती सोसेल, आणि काही मोडलं तर किती दिवसांत परत चालू होईल, हे आमच्या कंपनीने सांगायचं. मला वाटलं होतं, मोठमोठी यंत्रं येतील. यंत्र एकच, डिजिटल कॅलिपर. बोगद्याच्या काँक्रीटला जिथे भेगा आहेत तिथे भेगेच्या दोन बाजूंना पितळी बटणं चिकटवली आहेत. अशा वीस जागा. दर आठवड्याला दोन बटणांमधलं अंतर मोजायचं आणि ते पहिल्या दिवसापेक्षा किती मिलिमीटर वाढलं ते शीटवर लिहायचं. ते आकडे ऑफिसात विशाखाकडे जातात. मग ती कॉम्प्युटरवर आख्खा बोगदा हलवून बघते.

विशाखाबद्दल वेगळं लिहीन.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

माझा साहेब म्हणजे रमणकाका. आमच्याच वाडीतले, बावीस वर्षं इथे. मला इथे चिकटवलं ते त्यांनीच. सगळ्यांसमोर 'बंटी' म्हणतात. सलील हे नाव त्यांना माहीतच नाही बहुतेक.

सतरा, अठरा, एकोणीस या तीन भेगा छताला आहेत, पलीकडच्या तोंडाजवळ. तिथे चाकांची परांची ढकलत न्यायची, चाकं लॉक करायची, कोन लावून एक लेन बंद करायची आणि आतल्या शिडीने सहा मीटर वर जायचं. तीन रीडिंगांना दीड तास. आज मी वर चढलो, काका खाली शिडी धरून उभे.

"बंटी, पाय खंय ठेवतंस ता बघ."

"काका, तुम्ही कधी चढता?"

ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "माजे गुडघे गेले रे. हय कोणाक सांगू नको, मेडिकलात नापास करतले. मार्चात काँट्रॅक्ट खलास, मग घराक. तवसर वरचे तीन तुजे, खालचे माजे. सही मी करतंय."

नियमाप्रमाणे सही करणाऱ्याने प्रत्येक बटण स्वतः बघायला हवं. काका रविवारी सकाळी चहा पिताना आठवड्याच्या शीटवर सही करतात. न बघता. माझ्यावर एवढा विश्वास कॉलेजात कुणी ठेवला नव्हता.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सुट्टी. विशाखा.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या आरतीला पहिल्यांदा दिसली. जन्म इथला, शाळा इथली, चार वर्षं पुण्याला इंजिनिअरिंग करून परत आली. मराठी बोलते ती एकेक शब्द चाचपत, अंधारात पायऱ्या उतरल्यासारखी. आता संक्रांतीला मंडळाचं एकांकी नाटक आहे. त्यात ती शेजारीणबाई झालीय. दर गुरुवारी पाच वाजता मस्कतच्या दुसऱ्या टोकाला, अल हैलला एकांच्या घरी तालीम. तिला वाक्यं आठवत नाहीत, म्हणून मागून सांगायला कुणीतरी हवं होतं. मी हात वर केला. दुसरं कुणी करायच्या आत.

कोचाच्या मागे बसायचं आणि हळू आवाजात तिचं वाक्य म्हणायचं. मी म्हणतो, मग ती म्हणते. माझ्या तोंडातून निघून तिच्या तोंडात. हे वाचायला कसंतरी वाटतंय, पण आहे ते आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सतरा: ०.२१. अठरा: ०.१९. एकोणीस: ०.१४. खाली उतरायला पावणेचार वाजले. पिकअप घेऊन अल हैलला पोचलो साडेपाचला. तोवर तिला कुणा नयनाताईंनी वाक्यं सांगितली होती. विशाखा म्हणाली, "अरे सलील, तू आज लेट झाला?" झाला म्हणे. नयनाताई कोचामागे माझ्या जागेवर बसलेल्या. मी परत येताना हॉर्न वाजवत आलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज वर गेलो नाही.

काकांना म्हणालो, "तुम्ही खालचे घ्या, मी पलीकडे जाऊन वरचे उरकतो." पलीकडे गेलो. तिथे बोगद्याच्या तोंडाशी रहिमाची टपरी आहे. ती गावातलीच, चाळिशीची, आम्हाला कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, आणि खजूर देते आणि आम्ही विचारतो त्याच्या दुप्पट बोलते. आज सांगत होती, आईची किडनी गेलीय, आठवड्यातून तीनदा मस्कतला डायलिसिसला न्यावं लागतं, बोगदा आहे म्हणून पाऊण तासात होतं. तिथेच बसून शीट भरली. सतरा: ०.२२. अठरा: ०.१९. एकोणीस: ०.१५.

काँक्रीट आठवडाभरात कुठे पळून जातंय? शिवाय अगदी तेच आकडे लिहिले नाहीत, एकदोन शतांश इकडेतिकडे केले. कॉलेजात जर्नल असंच भरायचो. उत्तर काय यायला हवं ते आधी लिहायचं आणि मागे मागे जात रीडिंग बसवायची. सबमिशनच्या आदल्या दिवशी आख्खं हॉस्टेल हेच करायचं. पकडलं मात्र मला एकट्याला. सर वर्गासमोर म्हणाले, "ही स्प्रिंग तुझ्या घरी लांबली काय रे?" मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकलं, ते त्यांच्या चष्म्याला लागलं. माफीचं पत्र लिही म्हणाले. नाही लिहिलं. तिसरं वर्ष अर्धं राहिलं.

तालमीला वेळेवर पोचलो. "सलील, तू नसला तर मी काय केली असती!" हे तिचंच वाक्य, नाटकातलं नव्हे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सतरा: ०.२१. बाकीचेही टपरीवरून.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारी मेसेज आला. तो उतरवून ठेवतो. "हाय सलील! गेज १७, १८, १९ चे फोटोज आहेत का? जस्ट असंच."

जस्ट असंच म्हणजे काय? काम असतं तर मेल केला असता, काकांना केला असता. मला केला, व्हॉट्सॲपवर, पुढे उद्गारचिन्ह. मी अकरा वेळा वाचला. लिहिलं, "फोटो काढत नाही, पण तुला हवे असतील तर काढेन." तिने लिहिलं, "ओके. प्लीज."

त्यातलं प्लीज बघण्यासारखं आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा मेसेज. "तू गुरुवारी वर नक्की किती वाजता जातो?" मी दोन वाजता असं लिहिलं. मग धीर करून लिहिलं, "साडेतीनला मोकळा असतो. तुझ्यासाठी." ती टाईप करत होती, थांबली, परत टाईप करत होती. शेवटी "ओके."

ओकेला एवढा वेळ लागतो का?

फोटोचं राहिलं. परांची काढायची म्हणजे दीड तास गेलाच. सतरा: ०.२३.

गुरुवार, ४ डिसेंबर

चौथा गुरुवार. ०.२२. काकांनी विचारलं, "वर गेल्लंस मा?" मी म्हटलं, "गेलो ना." ते म्हणाले, "थंडी पडली, शिडी गार लागता काय?" मी म्हटलं, "लागते." मग दिवसभर उगाच सगळ्यांशी भांडलो. पेट्रोलपंपावरच्या माणसाशीसुद्धा.

रविवार, ७ डिसेंबर

भूकंप झाला.

सकाळी अकरा वीस. मी आत होतो, सहा नंबरपाशी. हललेलं मला कळलंच नाही. लांबून ट्रक येतो तसा आवाज आला, पण ट्रक आलाच नाही. दिवे होते तसेच राहिले. बाहेर आलो तर काका खुर्चीवरून उठून उभे, हातातला चहा शर्टावर. "आत काय कळला नाय? हय खुर्ची नाचली." समुद्रात कुठेतरी झाला म्हणे, लहानसा. विशाखाने एकदा सांगितलं होतं, जमिनीच्या आत जमिनीवरच्यापेक्षा कमी हलतं. तेव्हा तिच्या कानातल्याकडे बघत होतो, आज पटलं.

एक वाजता सरकारी इंजिनिअर बाई आल्या, उमामा. काळा अबाया, पायात सेफ्टी बूट. हिंदी आमच्यापेक्षा कडक. वीसच्या वीस रीडिंग आत्ता, त्यांच्यासमोर. परांचीवर माझ्या मागोमाग त्यासुद्धा चढल्या, शिडीचा आवाज न करता.

सतरा: ०.७१.

मी कॅलिपर बंद करून परत लावला. ०.७१.

उमामांनी शीट बघितली. "गुरुवार को पॉइंट बाईस. आज पॉइंट इकहत्तर." खाली उतरून त्यांनी फोन लावला. नियम लिहिलेला आहे: भूकंपात कुठलीही भेग ०.३० पेक्षा जास्त वाढली तर बोगदा बंद, चौकशी पूर्ण होईपर्यंत. कमीत कमी तीन आठवडे. चार वाजता दोन्ही तोंडांना अडथळे लागले.

सोमवार, ८ डिसेंबर

झोप आली नाही, एवढंच.

भेग भूकंपात वाढली की आधीपासून वाढत होती? हे जगात कुणालाच माहीत नाही. माहीत असायला हवं होतं ते मला, आणि मी कोचामागे बसलो होतो.

पण भूकंपानेच वाढली असेल. का नसेल?

मंगळवार, ९ डिसेंबर

विशाखाचा मेसेज: "तुला काहीतरी विचारायचंय. समोर." नवा निळा शर्ट घातला. मस्कतला, रुवी भागातल्या ऑफिसात तिच्या टेबलाशी गेलो. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वीस रेघा.

"बघ ना. थंडी आली की सगळ्या भेगा उघडतात. हळूहळू. सोळा बघ, भूकंपाच्या आधीच ०.१८ वरून ०.५७. वीस बघ, ०.१५ वरून ०.५४. सगळ्या ब्रीद करतात. फक्त तुझ्या तीन..." तिने बोट ठेवलं. तीन रेघा टेबलासारख्या सपाट, आणि शेवटी एकदम उभ्या. "ह्या ब्रीद करत नाहीत, सलील."

मी म्हटलं, "आकडे आहेत ते आहेत."

"हे बघ. जागा ब्लँक असेल ना, तर मी भरू शकते. शेजारच्या भेगा बघून. पण राँग नंबर असेल तर मी काही नाही करू शकत. मॉडेल त्याच्यावर विश्वास ठेवतो."

"माझ्यावर संशय घेतेस?"

"मी विचारतेय."

"विचारण्याची पण एक पद्धत असते." खुर्ची मागे सारली ती पडली. उचलली नाही.

शेवटी तीही त्या सरांसारखीच निघाली.

बुधवार, १० डिसेंबर

आज दोन गोष्टी झाल्या. दोन्हींत मीच वाईट.

सकाळी काका पिकअपमध्ये म्हणाले, "बंटी, खरा सांग. वर गेल्लंस मा?" मी ओरडलो, "विश्वास नाही तर स्वतः चढा ना! गुडघे गेले म्हणून माझ्या जिवावर सह्या करता आणि वर मलाच विचारता?" ड्रायव्हरने आरशातून बघितलं. काकांनी खिडकीची काच खाली केली, मग परत वर केली.

दुपारी बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाशी वाडीच्या, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्राच्या, कच्च्या रस्त्याने एक लँडक्रूझर आली, धुळीने पांढरी. रहिमा उतरली. मागच्या सीटवर तिची आई, उशीला टेकून, डोळे मिटलेले. डायलिसिसची नळी लावतात तो हात ओढणीत गुंडाळलेला. रहिमा म्हणाली, अडीच तास लागले, दगडातून, वाटेत दोनदा उलटी झाली. मी ओळखीचा दिसलो म्हणून थांबली होती. "तुम लोग देखता है ना रोज. कब खुलेगा?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

ती म्हणाली, "इन्शाल्ला तो मैं भी बोलती. तुम इंजिनिअर है, तुम बताओ."

मी इंजिनिअर नाही. हेही तिला सांगितलं नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

दहाला मीटिंग होती. चंद्रहास सर, म्हणजे आमच्या कंपनीचे इथले प्रमुख, उमामा, विशाखा, काका. मला बोलावलं नव्हतं. दार ढकलून आत गेलो. ठरवलेलं भाषण विसरलो. मागून सांगायलाही कुणी नव्हतं.

"सर, सतरा, अठरा, एकोणीस मी मोजलेच नाहीत. चार गुरुवार. सहा नोव्हेंबरपर्यंत खरे आहेत, नंतरचे टपरीवर बसून लिहिले. काकांना माहीत नव्हतं."

उमामांनी विचारलं, "चार में से एक बार भी ऊपर नहीं गया?"

"नहीं."

"किधर गया था?"

"अल हैल."

"अल हैल में क्या है?"

विशाखा समोर लॅपटॉपकडे बघत होती. मी म्हटलं, "नाटक."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चंद्रहास सर काकांकडे वळले. "रमण, सही तुमची आहे. तुम्ही न बघता केली?"

मी मध्ये बोलणार होतो, काकांनी हात वर केला. "साहेब, माजे गुडघे गेले दोन वर्सां झाली. लपवलंय. ह्येका म्हायत नव्हता काय करूचा, माका म्हायत होता. हो वर गेलो नाय ता माका ठावक नाय होता, हीच माजी चूक." मग तेच हिंदीत, उमामांसाठी, हळू हळू.

उमामांनी शीट ओढली, लाल पेन्सिल घेतली आणि बारा घरांवर एकेक करून काट मारली. घाई न करता. "अब ये खाली है. अच्छा." विशाखाकडे बघून म्हणाल्या, "चलाओ."

विशाखाने मॉडेल चालवलं. वीस मिनिटं लागली. सोळा आणि वीस ज्या चालीने उघडल्या त्या चालीने सतरा धरली, तर भूकंपाच्या आधीच ती ०.६० च्या आसपास असावी. मग भूकंपाची वाढ सगळी मिळून ०.१० च्या आसपास. इतर भेगांइतकीच.

"असावी" हा शब्द उमामांना आवडला नाही. त्या म्हणाल्या, अंदाजावर मी गाड्या सोडणार नाही. तीन दिवस, सकाळ-दुपार, छताच्या भेगा मोजायच्या. शेजारच्यांसारख्या श्वास घेत असतील तर एक लेन खुली. कोण मोजणार? कॅलिपर घेऊन परांचीवर जाणारा दुसरा माणूस आठवडाभर मिळणार नव्हता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ये. फोटो के साथ. हर बार."

चंद्रहास सरांनी माझ्याबद्दलचा निर्णय तिथेच सांगितला. नवा माणूस येईपर्यंत राहायचं, मग तिकीट. काकांना सहीचा अधिकार नाही, मार्चऐवजी जानेवारीत परत.

पॅसेजमध्ये विशाखा म्हणाली, "मी तीन वेळा विचारली तुला."

म्हणजे फोटो मागितले तेव्हापासून तिला माहीत होतं. म्हणजे दोन आठवडे ती थांबून बघत होती, मी आपणहून सांगतो का. प्रेम नसेल तर कोण एवढं थांबतं? हे वाक्य खोडावंसं वाटलं. पण राहू दे. लिहिलेलं खोडायचा अधिकार आता माझा नाही.

खुर्ची पाडल्याबद्दल सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "मी उचलली ती."

रविवार, १४ डिसेंबर

तीन दिवस झाले. सकाळी सहा आणि दुपारी दोन. सतरा: सकाळी ०.७२, दुपारी ०.६८. सकाळी ०.७२, दुपारी ०.६७. आज ०.७२, ०.६८. दुपारी ऊन पडलं की मिटते, सकाळी उघडते. दर वेळी फोटो. चार शतांशांत एवढं बघण्यासारखं असतं हे मला त्या चार गुरुवारांपूर्वी कळायला हवं होतं.

एक लेन खुली, दुपारी साडेतीनला. ट्रकना अजून बंदी. पहिल्या गाड्यांत रहिमाची होती. तिने हॉर्न वाजवला, थांबली नाही. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. मी सांगायला हवं. उद्या सांगेन.

सोमवार, १५ डिसेंबर

सांगितलं. तिने कावा ओतता ओतता ऐकलं. कप माझ्यासमोर ठेवला. खजूर ठेवले नाहीत.

गुरुवार, १८ डिसेंबर

नवा माणूस शनिवारी येतोय. माझं तिकीट बावीसचं. आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कॉलेजच्या सरांना पत्र लिहायचं राहिलंय तुझं." मी म्हटलं, बघतो. तिने विचारलं, राग कुणावर काढलास का? मी म्हटलं, काकांवर.

त्या दिवसापासून काका माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. आज दोनला परांची लावली, चाकं लॉक केली. वळून बघतो तर त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळलेला.

"काका, काय करताय?"

"चडतंय."

"सही आता तुमची नाही. कशाला?"

"चार सयो केलंय मी. एकदा तरी बघूक नको, कसल्यार केलंय ता?"

सहा मीटर. एकेका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, थांबायचं, श्वास घ्यायचा. मी खाली शिडी धरून उभा. त्यांचे बूट माझ्या डोळ्यांसमोरून गेले, मग गुडघे, ते मला बघवत नव्हते. मी म्हटलं, "काका, पाय कुठे ठेवता ते बघा." वरून आवाज आला, "गप रव, बंटी." आठ दिवसांत पहिल्यांदा बंटी.

ते वर पोचले. मीही गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि सतरा नंबरजवळ तोंड नेलं. पितळी बटणांवरून अंगठा फिरवला, मग भेगेवरून.

"एवडीच?" ते म्हणाले.

"एवढीच."

"हिच्यासाटी तीन गावां अडकली." खाली एक गाडी गेली, परांची किंचित हलली. "जानेवारीत जातंय ता बरा झाला. आंब्याचो मोहोर बघूक गावतलो. बावीस वर्सां बघूक नाय." मग माझ्याकडे न बघता, "पिकअपमधी बोललंस ता खरा होता. पण बोलूची ती जागा नव्हती."

मी मान हलवली. सॉरी तोंडात आलं, पण ते तिथे फारच छोटं वाटलं. कॅलिपर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बटणांना लावला, आकडा वाचला, मी लिहिला. फोटो काढला. त्यात त्यांचा अंगठा आला. तसाच विशाखाला पाठवला. पाचला अल हैलला तालीम होती. नयनाताई असतील कोचामागे. विशाखाला म्हणे आता निम्मी वाक्यं पाठ येतात.

काकांना उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

सतरा: ०.६९. वेळ दुपारी दोन चाळीस. मोजणारा: रमणकाका. लिहिणारा: मी.